दोन जबड्यांचे नाते



आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वडील माणसांच्या कोनाड्यात किंवा औषधांच्या कपाटात एक लहानशी डबी असते. त्या डबीत दातांची कवळी ठेवलेली असते; कधी पाण्यात बुडविलेली, पण अधिक करून कोरडीच. ज्या वर्षी ती करविली त्या वर्षी तिचे घरात मोठे कौतुक झालेले असते. मुलाने पैसे मोजलेले असतात, सुनेने दवाखान्याच्या खेपा घातलेल्या असतात, आणि आजी किंवा आजोबा मात्र जेवावयास बसताना नेमकी ती काढून ठेवतात. कारण विचारावे तर 'बोचते', 'हलते', 'बोलताना टकटक वाजते', 'कानशिले दुखतात' अशी उत्तरे मिळतात. आणि म्हातारपणी नव्या वस्तूची सवय होत नाही, असा निष्कर्ष काढून घरची मंडळी मोकळी होतात. क्वचित् तो खरा असेलही. पण पुष्कळदा असे असते की, कवळीतले दात उत्तम असतात, हिरड्यांचा ठसाही बरा उतरलेला असतो, आणि चुकलेले असते ते वरच्या व खालच्या जबड्यांचे परस्परांशी असलेले नाते. हे नाते म्हणजे काय, ते कसे मोजतात, कसे नोंदवितात, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी दंतवैद्याला रोग्याची इतकी मनधरणी का करावी लागते, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपण स्वतः नागपूर, पुणे, मुंबई अशा शहरांत राहात असाल. पण आपल्यातील अनेकांचे आईवडील अजून गावीच असतात, आणि कवळीचा प्रश्न बहुधा त्यांचा असतो. म्हणून उदाहरणासाठी एक गाव घेऊ. भंडाऱ्याहून तुमसरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहाडी लागते. चौंडेश्वरीच्या देवळाचे, धानाच्या बांध्यांनी वेढलेले हे तालुक्याचे ठिकाण. तेथील सत्तरीच्या एखाद्या आजीचे सर्व दात गेले आहेत आणि तिला वरखाली पूर्ण कवळी करावयाची आहे, असे समजा. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 सालचे. तेथपर्यंत यावयाचे म्हणजे सुमारे ऐंशी किलोमीटर जाणे आणि तितकेच परतणे. पूर्ण कवळीला रीतीप्रमाणे पाच खेपा लागतात : पहिला ठसा, दुसरा बारकाईचा ठसा, जबड्यांच्या नात्याची नोंद, मेणात मांडलेले दात तोंडात लावून पाहणे, आणि शेवटी तयार कवळी बसविणे. म्हाताऱ्या माणसाचे पाच दिवस आणि सोबत येणाऱ्याची पाच दिवसांची मजुरी किंवा रजा यात जाते. तेव्हा 'डॉक्टर, दोन खेपांत काही होत नाही काय?' असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येत नाही. दुर्दैव एवढेच की, घाई झाली म्हणजे कात्री लागते ती बहुधा तिसऱ्या खेपेला. आणि पाचांपैकी जिच्यावाचून मुळीच निभत नाही अशी खेप तीच होय.

घरात ज्यांनी जाते पाहिले आहे त्यांना यातले मर्म लवकर उमगेल. जात्याला टाकी लावणारा दगडाला टाके घालतो. त्या टाक्यांनी धान्य दळले जाते. पण टाके कितीही ताजे असले तरी वरचा दगड मधल्या खुंट्यावर फार उंच राहिला तर दाणे नुसते भरडले जातात. फार खाली बसला तर दगडावर दगड घासतो. आणि एका अंगाला कलला तर एका बाजूने पीठ व दुसऱ्या बाजूने कणी पडते. कवळीतील दात हे टाके होत. ते बाजारात तयार मिळतात, आणि बरेच सुबक मिळतात. दगड खुंट्यावर कसा बसावयाचा, हे मात्र कोठल्याही दुकानात मिळत नाही. ते त्या त्या माणसाच्या तोंडातूनच शोधून काढावे लागते. शिवाय तोंडातील व्यवस्था जात्याच्या उलट आहे. येथे वरचा दगड स्थिर असून खालचा फिरतो, आणि मध्ये खुंटा नाहीच. खुंट्याचे काम दोन सांधे करतात, आणि ते सांधे दातांपासून दूर, कानांच्या अगदी पुढे आहेत.

हे ऐकता ऐकता आपल्याला एक लहानसा प्रयोग करता येईल. दोन्ही हातांच्या तर्जनी कानाच्या भोकांच्या लगत पुढे, गालावर टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. प्रथम बोटाखाली फारशी हालचाल जाणवत नाही. खालच्या जबड्याच्या हाडाचा गोल माथा आपल्या खोबणीत मुख्यत्वे जागच्या जागी फिरतो. समोरच्या दातांत 20 ते 25 मिलिमीटर अंतर पडेपर्यंत असे नुसते फिरणे शक्य असते. त्यापुढे तोंड उघडत गेलात की तो माथा पुढे घसरून खाली उतरतो, आणि त्याने सोडलेल्या जागी बोटाला खड्डा लागतो. एकाच हाडाच्या दोन टोकांना दोन सांधे, दोन्ही एकदमच चालणारे, आणि दोन्ही फिरणारे तसेच घसरणारे : अशी रचना शरीरात अन्यत्र नाही. म्हणूनच आपण तोंड नुसते उघडमीट करीत नाही. जबडा पुढे काढतो, डावीउजवीकडे नेतो, भाकरीचा तुकडा तोडताना एक चाल आणि सुपारी फोडताना दुसरी चाल चालतो. स्वीडनमधील पोसेल्ट या दंतशास्त्रज्ञाने 1952 साली खालच्या समोरच्या दाताचे टोक सर्व बाजूंनी जास्तीत जास्त कोठवर जाऊ शकते याची आकृती काढली. बाजूने पाहिले असता ती थोडीशी केळ्यासारखी वाकडी दिसते. त्या आकृतीच्या पोटात जबड्याला असंख्य जागा आहेत. कवळी करणाऱ्याला त्यांतील एक निवडावयाची असते.

दात असतात तोवर ही निवड आपल्याला करावी लागत नाही. वरच्या दाढांचे उंचवटे खालच्या दाढांच्या खळग्यांत बसतात, दातांच्या मुळांभोवतीच्या पडद्यातील नाजूक संवेदना जबड्याला वाट दाखवितात, आणि दिवसातून शेकडो वेळा, गिळताना, तो आपल्या घरी बिनचूक पोहोचतो. दात गेले की हे सर्व एकदम जाते. जबडा दावे सोडलेल्या नावेसारखा होतो. बिनदातांचा मनुष्य हिरड्यांवर हिरड्या टेकविण्यासाठी जबडा अधिकाधिक वर आणि पुढे नेऊ लागतो. हनुवटी नाकाकडे झुकते, ओठ आत जातात, आणि चेहऱ्यावर वयापेक्षा अधिक वय चढते. त्यात भर म्हणून दातांना आधार देणारे हाडही झिजत जाते. टालग्रेन या विदुषीने कवळी वापरणाऱ्या माणसांची दीर्घकाळ पाहणी करून 1972 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध केला त्यात पंचवीस वर्षांपर्यंतची मापे आहेत. ही झीज थांबत नाही, आणि समोरच्या भागात खालच्या जबड्याची झीज वरच्याच्या सुमारे चौपट असते, असे तिला आढळले. खालची कवळी वरचीपेक्षा नेहमी अधिक का त्रास देते याचे एक कारण यात आहे.

आता आजीकडे वळू. तिच्या जबड्यांच्या नात्यात दोन प्रश्न आहेत. पहिला उंचीचा : तोंड मिटले असता वरचा व खालचा जबडा एकमेकांपासून किती अंतरावर असावेत? दुसरा आडव्या दिशेचा : त्या उंचीवर खालचा जबडा किती मागे, पुढे वा बाजूला असावा? यासाठी हिरड्यांच्या साच्यावर तात्पुरते तळ करून त्यांवर मेणाची पाळ उभारतात. धानाच्या बांधीला मातीची पाळ असते तशी. पुढे जेथे दात यावयाचे तेथे आज मेण आहे, आणि ते हवे तसे वाढविता वा कापता येते, एवढेच त्याचे महत्त्व.

उंची ठरविण्याची युक्ती निसर्गानेच देऊन ठेवली आहे. आपण स्वस्थ बसलेले असताना ओठ मिटलेले असतात, पण दात एकमेकांना लागलेले नसतात. खात्री करून घ्यावयाची असेल तर 'राम' असा उच्चार करा आणि शेवटच्या 'म'वर ओठ तसेच राहू द्या. वरखालच्या दातांमध्ये थोडी फट राहिल्याचे जिभेला कळेल. ही फट सामान्यतः 2 ते 4 मिलिमीटर असते. अमेरिकेत निस्वाँगर याने 1934 साली या विश्रांतीच्या स्थितीवरून मिटल्या तोंडाची उंची काढण्याची रीत मांडली. दंतवैद्य आजीच्या नाकाच्या शेंड्यावर एक आणि हनुवटीवर एक असे दोन ठिपके देतो; तिला ताठ बसवितो, आवंढा गिळावयास सांगतो, 'राम' म्हणावयास लावतो, आणि ठिपक्यांमधील अंतर मोजतो. असे अनेकदा मोजून जो आकडा पुन्हा पुन्हा येतो त्यातून ही फट वजा केली म्हणजे मेण कोठवर ठेवावयाचे ते कळते.

कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात विश्रांतीची स्थिती विश्रांती मिळाली तरच सापडते. मान मागे टाकली की ती बदलते, दमले की बदलते, भीती वाटली की बदलते. ज्या म्हातारीने पहाटे उठून गाडी पकडली, तीन तास रांगेत काढले, आणि जिला परतीची गाडी चुकण्याची धास्ती आहे, तिचे स्नायू विश्रांतीत कसे असतील? म्हणून एका मापावर विसंबून न राहता उच्चाराचा पडताळा घेतात. 'स' म्हणताना वरखालचे दात एकमेकांच्या अगदी जवळ येतात, पण एकमेकांना लागत नाहीत. सिल्व्हरमन याने 1953 साली या अंतराचा मापक म्हणून पुरस्कार केला. इंग्रजीत यासाठी साठापासून पुढचे आकडे मोजावयास लावतात, आणि आपल्या सुदैवाने मराठीतही साठ, एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट ही ओळ त्याच कामाची आहे. मेणाच्या पाळी 'स'ला आदळल्या तर उंची जास्त झाली असे समजावे. मात्र येथे एक व्यवधान ठेवले पाहिजे. मोहाडीकडच्या झाडीबोलीत 'श' आणि 'ष' यांचाही उच्चार बहुधा 'स' असाच होतो. तेव्हा छापील वाक्य वाचून घेऊन 'श' नीट येत नाही म्हणून मेण कापीत बसणारा शहरी डॉक्टर आजीच्या बोलीवर शस्त्र चालवीत असतो. त्यापेक्षा तिला सासरची, सकाळच्या कामाची, साखरेच्या भावाची हकीकत विचारावी आणि ऐकत बसावे. माझ्या मते या खेपेतील उत्तम उपकरण म्हणजे गप्पा. त्यांना वेळ लागतो एवढाच त्यांचा दोष.

उंची जास्त राहिली तर कवळी बोलताना वाजते, ओठ मिटत नाहीत, हिरड्या सोलवटतात, संध्याकाळपर्यंत जबडा आणि कानशिले ठणकू लागतात. कमी राहिली तर चेहरा बसका राहतो, ओठांच्या कोपऱ्यांत लाळ साचून चिरा पडतात, आणि चावण्याला जोर येत नाही. यात एक चमत्कारिक गोष्ट अशी की, जास्त उंचीची कवळी दुखते म्हणून रोगी ती घेऊन परत येतो. कमी उंचीची दुखत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षे तशीच तोंडात राहते.

दुसरा प्रश्न अधिक फसवा आहे. 'आजी, चावा' असे म्हटले की आजी इमानाने चावते, आणि चावताना जबडा पुढे काढते. बिनदातांच्या संसारात तिला तीच सवय लागलेली असते. त्या स्थितीत मेण चिकटवून कवळी केली तर दवाखान्यातील आरशात ती झकास दिसते. घरी गेल्यावर पहिलाच घास गिळताना स्नायू जबड्याला त्याच्या मूळच्या जागी, मागे, ओढून घेतात. तेथे वरच्या दाढांपुढे खालच्या दाढा येत नाहीत, उतारावर उतार घसरतात, आणि खालची कवळी प्रत्येक घासाला पुढे सरकते. डबीत जाऊन पडणाऱ्या कवळ्यांत अशा पुष्कळ असतात. म्हणून जाणता दंतवैद्य 'चावा' हा शब्दच उच्चारीत नाही. तो म्हणतो, 'आजी, जिभेचे टोक टाळूला अगदी मागे लावा, आणि ते तेथेच ठेवून हळूहळू तोंड मिटा.' जीभ मागे वळली की तिच्याबरोबर जबडाही मागे येतो. कोणी वरच्या तळाच्या मागल्या कडेला मेणाची बारीक गोळी लावतात आणि ती जिभेने चाचपावयास सांगतात. कोणी हनुवटीला नुसता अंगठ्याचा आधार देतात. ढकलीत नाहीत, कारण ढकलले की स्नायू उलट जोर करतात.

एवढ्यानेही समाधान न होणाऱ्यांसाठी झुरिचच्या आल्फ्रेड गीझी याने 1910 च्या सुमारास एक सुंदर रीत प्रचारात आणली. एका तळावर धातूची काजळी धरलेली किंवा रंगविलेली पट्टी आणि दुसऱ्यावर एक बारीक सुई बसवितात. जबडा पुढे न्या, मागे आणा. उजवीकडे न्या, मागे आणा. डावीकडे न्या, मागे आणा : असे काही वेळा केले की सुई पट्टीवर बाणाच्या अग्रासारखी आकृती कोरते. युरोपातील जुन्या देवळांच्या टोकदार कमानीशी साम्य असल्यामुळे तिला गॉथिक कमान म्हणतात. त्या बाणाचे टोक म्हणजे सर्व बाजूंच्या हालचाली जेथून निघतात ती जागा. टोक तीक्ष्ण आले तर नोंद भरवशाची. बोथट आले तर जबडा पुरता मागे आलेला नाही असे समजून पुन्हा काढावी. येथे रोगी आपल्या जबड्याने आपलीच सही करतो असे म्हणावयास हरकत नाही, आणि ती सही खोटी करणे कठीण असते.

या जागेची व्याख्या काय, याबद्दल मात्र पंडितांत एकमत झालेले नाही. पूर्वी हाडाचा माथा खोबणीत 'अगदी मागे' असतो ती ही स्थिती, असे शिकवीत. कृत्रिम दंतशास्त्राच्या प्रमाण शब्दकोशाच्या 1987 सालच्या आवृत्तीने ती 'पुढे आणि वर' असते असे ठरविले. म्हणजे दोन पिढ्यांच्या डॉक्टरांनी एकाच जागेला परस्परविरुद्ध दिशा सांगितल्या. आजीच्या दृष्टीने सुदैवाची गोष्ट ही की, व्याख्या बदलली तरी जागा सापडविण्याच्या रीती फारशा बदलल्या नाहीत.

नोंद झाली, पण तोंड काही कारागिराच्या मेजावर नेता येत नाही. तेव्हा तोंडाची प्रतिकृती करावयाची, आणि तीही हलणारी. बर्लिनमध्ये फ्रेडरिक राजाच्या पदरी असलेल्या फिलिप फाफ या दंतवैद्याने 1756 साली आपल्या ग्रंथात मेणाने ठसा घेऊन त्यात प्लॅस्टर ओतण्याची आणि वरखालचे नाते मेणातच नोंदविण्याची रीत दिली. पुढे 1805 साली फ्रान्समध्ये गारिओ याने दोन साचे बिजागरीने जोडण्याची कल्पना मांडली. पण बिजागरी नुसती उघडमीट करते, घसरत नाही. अमेरिकेतील बॉनविल याने 1858 साली केलेल्या यंत्रात ती उणीव काही अंशी दूर केली. पुष्कळ कवट्या मोजून त्याने असे प्रतिपादले की, दोन्ही बाजूंचे माथे आणि खालच्या समोरच्या दातांचा मध्य यांना जोडले तर चार इंच बाजूंचा समभुज त्रिकोण होतो. निसर्ग इतका भूमितीप्रेमी नाही हे पुढे कळले; पण अशा यंत्राला, ज्याला आज आर्टिक्युलेटर म्हणतात, त्याने वळण लावून दिले. लंडनच्या नॉर्मन बेनेट याने तर 1908 साली स्वतःच्याच जबड्याला बारीक विजेचे दिवे लावून त्यांच्या प्रकाशाने जबड्याच्या वाटा नोंदविल्या, आणि जबडा बाजूला नेताना संपूर्ण हाडच किंचित् त्या बाजूला सरकते, हे दाखविले. त्या सरकण्याला अजून त्याचे नाव आहे.

यंत्रात साचे बसविताना आणखी एक प्रश्न येतो. सुताराला दाराची फळी दिली, पण बिजागर कडेपासून किती अंतरावर आहे हे सांगितले नाही, तर दार चौकटीला कोठे घासेल ते सांगता येणार नाही. दात आणि कानापुढचा सांधा यांमधील अंतर व कोन यंत्रावर उतरविण्यासाठी स्नो याने 1899 साली धनुष्याच्या आकाराची एक चौकट तयार केली. तिला फेसबो म्हणतात. ती वापरण्यात शास्त्रीय समाधान आहे यात शंका नाही. तरीही सांगितले पाहिजे की, अलीकडच्या तुलनात्मक अभ्यासांत फेसबो न वापरता साध्या रीतीने केलेल्या पूर्ण कवळ्यांबाबतही रोगी तितकेच समाधानी आढळले आहेत. तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या दंतवैद्याला यात मोठा दिलासा आहे. चौकट नसली तरी चालेल. पण उंची आणि जागा यांची नोंद नसून चालणार नाही, आणि त्या दोहोंसाठी मेण, मोजपट्टी व सवड यांपलीकडे फारसे काही लागत नाही. आता तोंडातच प्रकाशाने मापे घेणारी यंत्रे आली आहेत, संगणकावर दात मांडता येतात. परंतु ज्याच्या तोंडात एकही दात नाही त्याचा जबडा कोठे मिटावा, हे विचारावे लागते ते त्या माणसालाच.

जबड्यांचे नाते केवळ म्हाताऱ्यांच्या कामाचे नाही. मुलांचे वेडेवाकडे दात सरळ करणारे वैद्य 1899 साली अँगल याने घालून दिलेल्या वर्गवारीवरून खालच्या दाढा वरच्या दाढांच्या मागे आहेत की पुढे, हे प्रथम पाहतात. अपघातात जबडा मोडला असता शस्त्रवैद्य आधी वरखालचे दात पूर्वीसारखे जुळवून तारेने बांधतो आणि मगच हाडाला पट्टी बसवितो. हाड कोठे होते याची साक्ष दात देतात.

आणि विदर्भाच्या या भागात एक मापन असे आहे की जे तरुणांनी आजच करावे. आपल्याच हाताची मधली तीन बोटे एकावर एक अशी उभी धरून समोरच्या दातांमध्ये घालून पाहा. निरोगी मनुष्याच्या तोंडात ती सामान्यतः जातात. दोनच बोटे जात असतील आणि तिखट खाताना गालाची आतली बाजू जळत असेल, तर खर्ऱ्याची आठवण करावी. नागपूर, भंडारा, गोंदिया येथे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला हा पदार्थ पानठेल्यावर सर्रास मिळतो. त्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील मऊ पडदा हळूहळू चिवट व पांढरट होतो, त्यात दोऱ्यांसारख्या पट्ट्या तयार होतात, आणि जबडा उघडेनासा होतो. मुंबईचे डॉ. जोशी यांनी 1953 साली भारतात या रोगाचे वर्णन करून त्याला नाव दिले. त्याच्या आदल्या वर्षी श्वार्ट्झ याने पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत तो नोंदविला होता. 2004 साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूवाचून नुसती सुपारीही कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा दिला. खर्रा सोडल्याने रोगाची वाढ रोखता येते, व्यायामाने व उपचाराने काही अंतर परत मिळते. पण झालेल्या पट्ट्या पूर्ववत् होत नाहीत, आणि काहींत पुढे कर्करोग उद्भवतो. दंतवैद्याच्या दृष्टीने याचा आणखी एक अर्थ आहे. ज्या तोंडात ठशाचे भांडेच शिरत नाही त्या जबड्यांचे नाते नोंदविता येत नाही, आणि अशा माणसाचे दात गेले की त्याला कवळी करणेही दुर्घट होऊन बसते.

आता पुन्हा आजीच्या खेपांकडे येऊ, कारण तेथे घरच्या मंडळींना करण्यासारखे बरेच आहे. नात्याची नोंद घेण्याच्या दिवशी शक्य तर आदल्या रात्री नागपुरात नातेवाइकांकडे मुक्काम करावा आणि सकाळची वेळ मागून घ्यावी. जुनी कवळी असेल तर ती एक दोन दिवस आधी काढून ठेवावी. दबलेल्या हिरड्या आपल्या आकारावर येतात. दात असतानाचा एखादा फोटो असेल, लग्नातला का असेना, तो बरोबर न्यावा. ओठांची ठेवण आणि चेहऱ्याची उंची ताडून पाहण्यास तो फार उपयोगी पडतो. आजी आपल्या बोलीत बोलली तर तिच्या वतीने शुद्ध मराठीत उत्तरे देण्याचा मोह आवरावा. डॉक्टरला तिचा आवाज ऐकावयाचा असतो. चौथ्या खेपेला, मेणात मांडलेले दात तोंडात असताना, आजीला खुर्चीवरून उठवून आरशापुढे उभे करावे, मुलीशी बोलू द्यावे, आणि तक्रार असेल ती तेव्हाच सांगावी. मेणातला दात एका मिनिटात हलविता येतो. कवळी पक्की झाल्यावर हलवावयाचा तर सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो. आणि एकाच बैठकीत दात बसवून देतो असे बाजारात किंवा जत्रेत सांगणाऱ्यापासून दूर राहावे. नोंदणीवाचून दंतवैद्यकी करण्यास कायद्यानेच मनाई आहे. परंतु कायद्याची गोष्ट सोडली तरी, ज्याने जबड्याची उंची मोजलीच नाही त्याने बसविलेले दात म्हणजे खुंट्यावाचून ठेवलेला दगड होय.

कवळी घरी आली म्हणजे पहिले काही दिवस मऊ भात, वरण, शिजवलेली भाजी असे खावे, घास लहान घ्यावा आणि दोन्ही बाजूंना वाटून चावावा. चांगली कवळीही नैसर्गिक दातांच्या चौथ्यापाचव्या हिश्श्याइतकाच जोर देते, तेव्हा चणे फुटाणे तिच्याकडून मागू नयेत. दुसऱ्या दिवशी, आणि पुन्हा आठवड्याने, दाखवावयास जावे. कोठे आधी टेकते ते तपासून दंतवैद्य घासून देतो. रात्री ती काढून पाण्यात ठेवावी. हाडाची झीज चालूच असल्यामुळे नोंदविलेले नाते काही वर्षांनी बदलते, म्हणून दरवर्षी एकदा तपासून घेणे इष्ट. कवळी सैल झाली, 'स' पूर्वीसारखा येईना, किंवा ओठांच्या कोपऱ्यांत चिरा पडू लागल्या, तर नव्या दातांची चौकशी करण्यापूर्वी उंची पुन्हा मोजून मागावी. पुष्कळदा आतून अस्तर लावून तीच कवळी आणखी काही वर्षे चालते.